बेचाळीस दिवस परक्या घरात: पोर्तुगालमधल्या एका पोडेंगोची राखण

घर पोर्तुगालच्या दक्षिणेला, अल्गार्व या किनारी भागात, समुद्रापासून आत, साओ ब्राझ दि अल्पोर्तेल या गावाबाहेर चार किलोमीटरवर. जुनं, जाड भिंतींचं, एकमजली. मागे बदामाची आणि संत्र्याची झाडं, समोर कच्चा रस्ता, रस्त्याच्या वळणावर पाइनची रांग. कुत्रा पोडेंगो जातीचा, मध्यम आकाराचा, आठ वर्षांचा, १८ किलोचा. मालक १ फेब्रुवारी ते १४ मार्च, म्हणजे ४२ दिवस परदेशी. सिटर म्हणून एक जोडपं. पैशांची देवघेव नाही; घर वापरायला मिळणार, त्या बदल्यात कुत्रा आणि घर सांभाळायचं.

माणसं, घर आणि घटना नमुन्यादाखल बांधल्या आहेत. नियम, मापं, आजाराची लक्षणं आणि कुत्र्याच्या वागण्याची कारणं मात्र खरी आहेत, आणि घडलेल्या चुका अशा मुक्कामांत वारंवार होणाऱ्याच आहेत.

जोडप्याने आखलेला बेत कागदावर छान होता: आठवड्यातून चार दिवस आसपासची गावं, दोन दिवस किनारा, एक दिवस घरी. मालकांनी लिहिलं होतं, ‘चार तास एकटा आरामात राहतो.’ त्या एका वाक्यावर सगळा बेत उभा होता, आणि पहिल्या आठवड्यात कोसळला तो त्याच वाक्यामुळे.

येण्याआधीचे कागद

शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातला देशांचा गट) व्हिसाधारक पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि व्हिसासाठीच्या प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं. ४२ दिवस त्यात सहज बसतात. नाजूक मुद्दा वेगळा आहे. राहण्याच्या बदल्यात घर सांभाळणं हे काही देशांचे अधिकारी ‘काम’ धरतात, पैसे मिळोत न मिळोत. म्हणून ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाला लेखी विचारून उत्तर जवळ ठेवावं, मालकाचं निमंत्रणपत्र घ्यावं आणि सीमेवर जे आहे तेच सांगावं. ‘हॉटेलात राहणार आहोत’ असं खोटं सांगून निभावून नेऊ पाहणं फार महागात पडतं.

कुत्र्याचे कागद मालकाच्या नावावर असतात आणि तसेच राहावेत. पोर्तुगालमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप, रेबीजची लस आणि ‘सिआक’ या राष्ट्रीय नोंदणीत नाव बंधनकारक आहे. इथे एक बारीक खाच आहे, ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कुत्रा हरवला आणि कुणी चिप तपासली, तर मालकाचा पोर्तुगीज मोबाइल नंबर मिळतो. मालक मात्र दुसऱ्या खंडात, दुसरं सिम घालून. फोन वाजतच नाही. उपाय साधा: सिटरचा स्थानिक नंबर कोरलेली एक जादा पट्टी कुत्र्याच्या गळ्यात, पहिल्या दिवसापासून.

दुसरा कागद पशुवैद्यासाठी. मालकाच्या सहीचं, पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र: या मुदतीत कुत्रा यांच्या ताब्यात आहे, ३०० युरोपर्यंतचे उपचार न विचारता करावेत, त्यापुढे फोन करावा, फोन न लागल्यास जीव वाचवण्यासाठी लागेल ते करावं, बिल माझ्याकडे. रकमेचा आकडा प्रत्येकाने आपापला ठरवावा, पण आकडा हवाच. शेवटचं कलम तर सगळ्यांत मोलाचं. रात्री अडीच वाजता डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल विचारतात तेव्हा परक्याच्या कुत्र्याचा निर्णय घेण्याचं ओझं माणसाला थिजवून टाकतं. या जोडप्याकडे पत्र होतं. पुढे ते कामी आलं.

तीन तासांची हस्तांतरणाची भेट

मालकांचं विमान संध्याकाळचं, सिटर दुपारी पोचले. तीन तासांत चाव्या, गीझर, कचरा, औषधं, चहा. इथली ही पहिली चूक, आणि ती दोन्ही बाजूंची. एक रात्र एकत्र काढायला हवी होती. कारण सिटरपेक्षा कुत्र्याचं आहे: मालक घरात असताना नव्या माणसाने त्याला जेवण दिलं, मालकासोबत फिरताना दोर नव्या माणसाच्या हातात आला, सकाळी उठल्यावर तीच माणसं पुन्हा दिसली, की कुत्र्याच्या हिशेबात ती ‘घरातली’ होतात. तीन तासांत परकी माणसं आली आणि आपली माणसं पेट्या घेऊन गेली, एवढंच त्याला कळतं.

त्या तीन तासांत विचारायचे राहून गेलेले प्रश्न पुढे एकेक करून वर आले. चार तास एकटा राहतो तो कुठल्या खोलीत? शेवटचा कधी राहिला होता? बंदुकीच्या आवाजाला काय करतो? फिरायचा रस्ता कुठला, आणि कुठला टाळायचा? सहाव्या आठवड्यापर्यंत पुरेल एवढं अन्न आहे का? शेवटच्याचा हिशेब सोपा होता. रोजचं कोरडं अन्न २३० ग्रॅम, ११५ ग्रॅमचे दोन वाटे. ४२ दिवसांचं ९ किलो ६६० ग्रॅम. घरात १२ किलोची न फोडलेली गोणी होती. गोणी अपुरी असती आणि मध्येच वेगळं अन्न आणावं लागलं असतं, तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्यावं लागलं असतं, नाहीतर जुलाब ठरलेले.

पहिले बहात्तर तास

पहिल्या रात्री कुत्र्याने वाडग्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या सकाळी हुंगून निघून गेला. दाराजवळ तोंड करून पडून राहायचा.

अशा वेळी हात आपोआप फ्रिजकडे जातो: थोडं चिकन, थोडं चीज, मग हाताने भरवणं. तिथेच दुसरी अडचण जन्माला येते. न खाल्ल्यावर अधिक चांगलं मिळतं हे कुत्रा दोन जेवणांत शिकतो, आणि नेहमीचं अन्न तिसऱ्या दिवशी खरोखरच नाकारतो. शिवाय ताणात असलेल्या पोटाला एकाएकी चरबीचं अन्न दिलं की उलटी-जुलाब होतात, मग आजार आहे की ताण, हे ओळखता येत नाही.

योग्य ते असं: ठरल्या वेळी वाडगा ठेवायचा, पंधरा मिनिटांनी काही न बोलता उचलायचा, पुढच्या वेळी पुन्हा. पाणी मात्र सतत भरलेलं. १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं. सकाळी मापून भरलं तर संध्याकाळी किती प्यायला ते कळतं. धडधाकट प्रौढ कुत्रा पाणी पीत असेल, फिरायला उत्सुक असेल, तर एक दिवस न जेवणं घाबरण्यासारखं नाही. ४८ तास काहीच नाही, किंवा त्याआधीच उलट्या, सुस्ती, फिक्या हिरड्या दिसल्या, तर पशुवैद्याकडे. पिल्लाला आणि मधुमेही कुत्र्याला ही सवलत नाही.

या घरात एक गोष्ट नकळत चुकली होती. मालकिणीने पाहुण्यांसाठी घर स्वच्छ करताना कुत्र्याच्या गादीची खोळही धुऊन टाकली होती. मालकांचा वास घरातून असा एका झटक्यात नाहीसा झाला. धुण्याच्या टोपलीत तिचा एक न धुतलेला स्वेटर सापडला, तो गादीवर अंथरला. कुत्र्याने दोन फेऱ्या मारल्या, पंजाने स्वेटर खाली रेटला, त्यात नाक खुपसलं आणि दिवसभरात पहिल्यांदा नीट झोपला. दुसऱ्या रात्री निम्मं जेवला, तिसऱ्या दिवशी वाडगा चाटून पुसला. स्वेटर एकटाच कारण असेल असं नाही, वेळही गेला होता. पण मालकांना आधीच सांगून ठेवायच्या गोष्टींत ही पहिली आहे: गादी धुऊ नका.

‘चार तास एकटा राहतो’

चौथ्या दिवशी दोघं फारो शहरात गेली. अंतर वीसेक किलोमीटर. घराबाहेर दोन तास चाळीस मिनिटं. परतल्यावर दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे, फरशीवर लाळेचं थारोळं, आणि शेजारच्या बाई कुंपणापाशी उभ्या. कुत्रा बराच वेळ विव्हळत होता.

मालक खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मागे तो चार तास राहायचा, कारण आठ वर्षं ती माणसं प्रत्येक वेळी परत आली होती. नव्या माणसांचा असा काही इतिहास त्याच्याकडे नव्हता. उलट ताजा अनुभव असा, की जी गेली ती आलीच नाहीत.

पाचव्या दिवशी मोजमाप केलं. जुना फोन कपाटावर चित्रण चालू करून ठेवला, दोघं बाहेर पडून गाडीत बसली. नऊ मिनिटांपर्यंत शांत. अकराव्या मिनिटाला येरझाऱ्या, जांभया, ओठ चाटणं. चौदाव्या मिनिटाला पहिली हाळी. हा आकडा मिळाला की पुढचं काम रेषेवर येतं: सराव नेहमी त्रास सुरू होण्याच्या खालच्या वेळेवर. म्हणजे पहिल्या दिवशी पाच पाच मिनिटं, तीनदा.

वाढ सरळ चढत नेली नाही. ५, ८, ६, ११, ९, १५ अशी वरखाली ठेवली, कारण प्रत्येक वेळ मागच्यापेक्षा लांबच निघाली तर जाणं म्हणजे वाईट होत जाणारी गोष्ट, हे कुत्रा ताडतो. निघताना निरोप नाही, परतल्यावर जल्लोष नाही. चावी उचलणं, बूट घालणं, जाकीट चढवणं या खुणा दिवसातून पाच-सहा वेळा उगाच करायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायचं, म्हणजे त्यांची धार जाते. जाण्याआधी अर्धा तास चांगलं फिरवून आणायचं, पण दमवून नव्हे. हुंगायला सोडायचं. हुंगण्याने पोडेंगो जितका निवतो तितका पळवून निवत नाही.

सगळ्यांत अवघड अट एकच: सराव चालू असताना ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त एकटं ठेवायचंच नाही. एक लांब फेरी आठवड्याचं काम पुसते. म्हणून दोघांनी बाहेर जाणं वाटून घेतलं. लुले या जवळच्या शहरातला कार्निव्हल १९०६ पासून चालत आलेला आहे, फेब्रुवारीतला तिथला मोठा सोहळा. तो एकाने रविवारी पाहिला, दुसऱ्याने मंगळवारी. दोघांनी मिळून पाहण्याची मजा गेली, हे खरं. एकटा सिटर असता तर एवढंही जमलं नसतं. त्याने कुत्र्यापाशी बसेल अशी शेजारची व्यक्ती पैसे देऊन आधीच ठरवून ठेवावी.

बाराव्या दिवशी ३५ मिनिटं निभली. बऱ्याच कुत्र्यांची घालमेल पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच होते; तो टप्पा शांत गेला की पुढच्या उड्या मोठ्या घेता येतात. विसाव्या दिवशी दीड तास झाला.

घर आपलं नसतं तेव्हा

दक्षिण पोर्तुगाल म्हणजे ऊन, असं धरून येणाऱ्याला फेब्रुवारीतलं जुनं घर धडा देतं. बाहेर दुपारी १६-१७ अंश, आत त्याहून गार. केंद्रीय हीटिंग नाही, लाकडाची शेगडी आणि एखादा तेलाचा हीटर. दोन गोष्टी इथे बिघडतात.

पहिली वीज. पोर्तुगालमध्ये घराला ठरावीक क्षमतेची जोडणी घेतलेली असते आणि लहान घरांत ती बऱ्याचदा ३.४५ केव्हीए असते, म्हणजे साधारण १५ अँपिअर, ढोबळमानाने ३४५० वॉट. १५०० वॉटचा हीटर चालू, त्यात २००० वॉटची किटली लावली, की मर्यादा ओलांडली आणि घर अंधारात. सिटर घाबरून मालकाला मध्यरात्री उठवतो. खरं तर भार कमी करून मुख्य स्विच पुन्हा चढवायचा असतो. काही घरांत स्विच जागेवर असतो आणि मीटरच वीज तोडतं, तेव्हा मीटरवरच्या सूचनेप्रमाणे करायचं. फ्यूजपेटी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. हीटर, किटली, ओव्हन यांतलं एका वेळी एकच.

दुसरी ओल. कपाटाच्या मागे, गाद्यांखाली काळी बुरशी धरते. कडाक्याच्या थंडीतही सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, ओले कपडे बंद खोलीत वाळत घालायचे नाहीत, फर्निचर भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचं.

गीझर गॅसचा, १३ किलोच्या ब्युटेन सिलिंडरवर. सिलिंडर नेमका अंगाला साबण लावलेला असतानाच संपतो, म्हणून भरलेला दुसरा आहे का ते मालकांसमोरच बघावं. बदलल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर पुन्हा बसवायचा. गीझरजवळचं हवेचं भोक थंडी येते म्हणून कापड कोंबून बुजवू नये. त्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. कचरा दारात न्यायला कुणी येत नाही. रस्त्याकडेच्या पेट्यांत हिरव्यात काच, निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि डबे.

तेविसावा दिवस

पाइनच्या त्या रांगेत फांद्यांच्या टोकांना पांढरे, रेशमी गोळे लटकत होते. जोडप्याने पहिल्याच दिवशी त्यांचे फोटोही काढले होते. ती पाइनच्या मिरवणुकी सुरवंटाची घरटी. हिवाळाभर सुरवंट त्यात राहतात आणि हिवाळा सरताना, अल्गार्वसारख्या उबदार भागात जानेवारी-फेब्रुवारीतच, कोशासाठी जमिनीत शिरायला खाली उतरतात: एकामागे एक, डोकं पुढच्याच्या शेपटीला लावून, तपकिरी दोरी सरकावी तशी रांग. त्यांच्या अंगावरचे बारीक केस काट्यासारखे रुततात आणि त्यांतलं विषारी प्रथिन उतींना भाजून काढतं. कुत्रा नाक लावतो, चाटतो, आणि जीभ सुजते. उशीर झाला तर जिभेचा भाग काळा पडून गळून जातो. सूज घशाकडे सरकली तर श्वासाचं संकट.

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी कुत्रा दहा मीटरच्या लांब दोरीवर रस्त्याकडेला हुंगत होता. एकदम मागे उडाला, पंजाने तोंड घासू लागला. दोन मिनिटांत लाळेच्या तारा. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा मातीत रांग दिसली, मध्ये तुटलेली.

पुढचं बरोबर झालं, आणि ते नशिबाने झालं नाही. एकाने कुत्र्याला उचलून लांब नेलं. घरी येताच रबरी हातमोजे घातले, तोंड जमिनीकडे झुकवून कोमट पाणी बाजूने सोडत जीभ आणि हिरड्या धुतल्या, पाणी घशात न जाता बाहेर पडेल असं. घासलं नाही. फडकं किंवा बोट फिरवलं की केस मोडतात आणि आणखी विष सुटतं. धुण्यात पाच मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात दुसऱ्याने फ्रिजवर चिकटवलेल्या कार्डावरचा दवाखान्याचा नंबर लावला. पोर्तुगीज येत नसलं तरी ‘लगार्ता दु पिन्येयरू’ एवढे शब्द पुरतात. पलीकडचा माणूस पुढचं सगळं समजतो. ११ वाजून १५ मिनिटांनी कुत्रा टेबलावर होता. सूज उतरवायला शिरेतून स्टिरॉइड, वेदनाशामक, पुन्हा धुणं, आणि रात्रभर निरीक्षण. पत्र दाखवलं, कुणीही मालकाच्या फोनसाठी थांबलं नाही.

मालकांना गेलेला निरोप असा होता: ‘१०.४० ला सुरवंटाला तोंड लागलं. ११.१५ ला दवाखान्यात. जीभ डावीकडून सुजली आहे, श्वास नीट आहे. औषध सुरू केलं. रात्री तिथेच ठेवणार. पुढचा निरोप ६ वाजता.’ घडलं काय, आता कसं आहे, पुढे काय, पुन्हा कधी कळवू. एवढंच. जिभेचा फोटो पाठवला नाही, कारण हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला त्या फोटोचं काहीच करता येत नाही. मागितला तर द्यावा. आणि ६ म्हटलं तर ६ लाच लिहावं.

चूक कुठे होती? मालकांनी सांगितलं नाही: त्यांना तो रस्ता इतका अंगवळणी पडलेला, की ते स्वतः जानेवारीपासून विरुद्ध दिशेने फिरवतात हे सांगायचंच राहिलं. सिटरनी विचारलं नाही: ‘या महिन्यात इथे कुत्र्याला कशापासून जपायचं?’ हा प्रश्न कुठल्याही देशात, कुठल्याही ऋतूत विचारण्यासारखा आहे. याच अल्गार्वमध्ये मे महिन्यात उत्तर वेगळं आलं असतं: वाळलेल्या गवताची कुसळं, जी बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात, आणि लीशमॅनिया हा परजीवी आजार पसरवणाऱ्या वाळूमाश्या. त्यांच्यासाठी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा गळ्यात कायम ठेवावा आणि संध्याकाळनंतर कुत्र्याला घरात झोपवावं.

घरी आल्यावर दहा दिवस मऊ अन्न: कोरडे दाणे दीडपट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून. जिभेच्या डाव्या कडेचा नखाएवढा तुकडा काळा पडला आणि आठव्या दिवशी निघून गेला. खाण्यापिण्याला त्याने बाधा आली नाही. दोरी, हार्नेस आणि त्या दिवशी अंगात असलेली जाकिटं हातमोजे घालून गरम पाण्यात धुतली, कारण केस कापडात आठवडेच्या आठवडे टिकतात आणि माणसाच्या कातडीलाही पुरळ आणतात. फिरण्याचा रस्ता बदलला, बदामांच्या बांधावरून. एकटं ठेवण्याचा सराव पाच दिवस थांबवला आणि नंतर जिथे सोडला होता तिथून नव्हे, निम्म्या वेळेपासून पुन्हा धरला.

उरलेले दिवस आणि त्रिज्या

या टप्प्यावर जोडप्याने प्रवासाचा हिशेब उलटा मांडला. कुठे जायचं हा प्रश्न मागे पडला, कुत्रा किती वेळ एकटा राहतो हा पुढे आला. चौतिसाव्या दिवशी पुन्हा तेवढीच २ तास ४० मिनिटं, पण या वेळी शांत गेली, चित्रणात तो बहुतेक वेळ झोपलेला. त्यातून फारोची जाऊन-येऊन पन्नास मिनिटं वजा केली की हातात एक तास पन्नास मिनिटं उरतात. कार्मो चर्चमधली १८१६ सालची अस्थींची कपेला (भिंती हाडांनी मढवलेलं छोटं प्रार्थनाघर) आणि जुन्या तटबंदीच्या आतला एक फेरफटका त्यात व्यवस्थित बसतो. सगळं फारो नाही बसत. ते पुढच्या आठवड्यात.

आणि जे कुत्र्यासोबतच करता येतं ते यादीत वर आलं. केरेन्साजवळची फोंत बेनेमोला ही वाट साडेचार किलोमीटरच्या आसपास, ओढ्याच्या काठाने गोल फिरून परत. पोडेंगो सशाच्या मागे सुटणारी जात, म्हणून तिथे दोरी हातातच, आणि ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. गळ्यातल्या पट्ट्याला दहा मीटरची दोरी लावली तर झेप घेताना मान जखमी होते. गुरुवारी आणि रविवारी लांब रानात जाणं टाळलं. पोर्तुगालमध्ये शिकारीचे नेहमीचे वार ते, त्यांत सरकारी सुट्ट्याही, आणि हंगामाच्या अखेरीपर्यंत सकाळी बार ऐकू येतात. कुत्रा पहिल्याच बाराला घराकडे ओढत निघाला होता.

कॅफेत आत कुत्रा चालतो की नाही ते दारावर बघायचं. २०१८ च्या कायद्याने दुकानदाराला प्राण्यांना आत घेण्याची मुभा दिली, सक्ती नाही. बाहेरच्या टेबलाला सहसा कुणाची हरकत नसते. रोज त्याच वेळी, त्याच कॅफेत, त्याच कोपऱ्यात बसलं की तिसऱ्या दिवशी कॉफी न सांगता येते, आणि कुत्रा टेबलाखाली अंग टाकून देतो, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक झालेलं असतं.

साओ ब्राझच्या आसपास बुचाचे ओक आहेत. त्यांच्या सोललेल्या तांबूस खोडांवर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा रंगवलेला दिसतो: ४, ७, १. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. ‘४’ म्हणजे २०२४ मध्ये सोललं, पुढचं सोलणं २०३३ च्या आधी नाही, कारण दोन सोलण्यांत किमान नऊ वर्षं जावी लागतात. गाडीतून जाताना हे आकडे नुसते डाग वाटतात. कुत्रा एका खोडाशी चार मिनिटं हुंगत उभा राहतो तेव्हा वाचले जातात, आणि रोज त्याच बांधावरून गेलं की कुठल्या शेतात ‘७’ आहेत आणि कुठल्या शेतात ‘१’ ते पाठ होतं.

परतीचे दोन दिवस

पेट्या बाहेर काढल्या की कुत्रा ओळखतो. गेल्या वेळी पेट्या निघाल्या तेव्हा काय झालं ते तो विसरलेला नसतो. म्हणून सामान बंद खोलीत भरलं, आणि फिरण्या-जेवण्याच्या वेळा शेवटच्या सकाळपर्यंत तंतोतंत पाळल्या. चादरी आणि टॉवेल धुऊन घड्या करून ठेवले, गादीची खोळ आणि स्वेटर जसेच्या तसे राहू दिले. शेगडीची राख पूर्ण थंड झाल्यावर पत्र्याच्या बादलीत काढली. रिकामा सिलिंडर दाराशी ठेवून चिठ्ठी लावली. दारावरच्या ओरखड्यांचा फोटो चौथ्याच दिवशी मालकांना पाठवला होता. त्यांनी नको म्हटलं तरी पॉलिश करून देण्याचा खर्च जोडप्याने उचलला, कारण तो दिवस त्यांच्या निर्णयाचा होता.

टेबलावर ठेवलेला कागद एका पानाचा. वजन: आम्ही आलो तेव्हा १८.०, दवाखान्यानंतर १७.४, आज १७.८. कोरडं अन्न आठवड्याभरापासून न भिजवता. जिभेची डावी कड भरून आली, दवाखान्यात दाखवायची तारीख २० मार्च. एकटा: जास्तीत जास्त २ तास ५५ मिनिटं, बैठकीच्या खोलीत, पडदा अर्धा ओढून. शेजारच्या बाईंना संत्री पोचवली. फिरणं बदामांच्या बांधावरून. पाइनच्या वळणावर रांगा अजून उतरत आहेत.

त्याखाली, पुढे येणाऱ्या सिटरसाठी मालकांनी स्वतःच्या हाताने काय लिहावं त्याची जागा मोकळी सोडलेली: ‘जानेवारी ते एप्रिल कुठल्या दिशेने फिरवायचं?’

संध्याकाळी पावणेसहाला कच्च्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. वळणापाशी ती दिसायच्या आधीच कुत्रा उठून दाराशी गेला होता.